चारकोपच्या उमेदवार यादीत स्त्री केव्हा येते?

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या. ५ नोव्हेंबरला अमेरिकेने कमला हॅरिस यांना नाकारले आणि २० नोव्हेंबरला महाराष्ट्राने विधानसभेसाठी मतदान केले. पहिल्या निवडणुकीची चर्चा मुंबईच्या मध्यमवर्गात भरपूर झाली. बराक ओबामा यांनी २००८ मध्ये वर्णाची भिंत ओलांडली, मग स्त्रीलाच अध्यक्षपद दोनदा हुलकावणी का देते, असा सवाल लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत ऐकू आला. स्वतःच्या मतदारसंघाबाबत मात्र तो कोणी फारसा विचारला नाही. चारकोपमध्ये भाजपचे योगेश सागर आणि काँग्रेसचे यशवंत सिंह यांच्यात मुख्य लढत झाली, सागर सलग चौथ्यांदा विधानसभेत गेले आणि त्या लढतीत स्त्री नव्हती हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

चारकोप हा तसा नवा मतदारसंघ. म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात येथे छोटे भूखंड आखून दिले, त्यावर बैठी घरे आणि सहकारी संस्था उभ्या राहिल्या व कांदिवली पश्चिमेची ही वस्ती आकाराला आली. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत तिला स्वतंत्र विधानसभा मतदारसंघाचे नाव मिळाले आणि २००९ मध्ये पहिली निवडणूक झाली. तेव्हापासूनच्या चार निवडणुकांत मुख्य लढतीत स्त्री दिसली ती एकदाच. २०१४ मध्ये शिवसेनेच्या शुभदा गुडेकर दुसऱ्या क्रमांकावर राहिल्या. पराभव सुमारे ६४ हजार मतांचा होता.

आकड्यापेक्षा हा प्रसंग कसा घडला ते महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये शिवसेना-भाजप युती तुटली. युतीत चारकोप भाजपकडे असल्याने शिवसेनेकडे येथे वर्षानुवर्षे तयारी करून बसलेला दावेदार नव्हता. जागा अनपेक्षितपणे पदरात पडली आणि स्त्रीला उमेदवारी मिळाली. याच तुटलेल्या युतीचा उलटा प्रत्यय शेजारी आला. दहिसर आणि गोरेगाव या जागा युतीत शिवसेनेच्या होत्या. भाजपला त्या प्रथमच स्वतंत्रपणे लढवाव्या लागल्या आणि त्या पक्षाने दहिसरला मनीषा चौधरी, तर गोरेगावला विद्या ठाकूर यांना उभे केले. चौधरी यांनी विद्यमान आमदार विनोद घोसाळकर यांना हरविले. ठाकूर यांनी तर सुभाष देसाई यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्याला धूळ चारली. दोघीही २०१९ आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आल्या. जेथे कोणा पुरुषाचा हक्क आधीच नोंदलेला नव्हता, तेथेच उपनगरातील स्त्रीला वाट मिळाली, आणि वाट मिळाल्यावर मतदाराने तिला अडविले नाही.

'स्त्री उमेदवार निवडून येत नाही' हे उमेदवारी नाकारताना दिले जाणारे ठरलेले कारण आहे. हे कारण देणाऱ्यांनी उत्तर मुंबईचा २०१९ चा निकाल पुढे करू नये. त्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांना मार्चअखेर पक्षात घेतले आणि लगेच रिंगणात उतरविले. भाजपचे गोपाळ शेट्टी यांना ७,०६,६७८ मते मिळाली, मातोंडकर यांना २,४१,४३१. गोविंदा यांनी २००४ मध्ये राम नाईक यांना हरविले होते, ती किमया पुन्हा घडेल असा पक्षाचा हिशेब असावा. पण त्या जागेवर काँग्रेसने कोणताही पुरुष उभा केला असता तरी निकाल फार वेगळा लागला नसता. हरणारी जागा स्त्रीला द्यायची आणि मग तिच्या पराभवाचा दाखला स्त्रीजातीच्या नावे लिहायचा, हा व्यवहार सर्वच पक्षांच्या सोयीचा आहे. मातोंडकर यांनी सहा महिन्यांच्या आत काँग्रेस सोडली.

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास तर या समजुतीच्या अगदी विरुद्ध साक्ष देतो. १९५२ मध्ये देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा 'मुंबई उपनगर' या मतदारसंघाने लोकसभेवर पाठविले ते जयश्री रायजी यांना. महिला आरक्षण हा शब्दही तेव्हा राजकारणात रुळलेला नव्हता. पुढे १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून मृणाल गोरे विजयी झाल्या. (त्या वेळच्या मतदारसंघाच्या सीमा आजच्याहून वेगळ्या होत्या, हे खरे.) १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेत आणि १९७२ मध्ये विधानसभेत गेलेल्या मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे नाव पक्षाने दिलेले नव्हते, नळाला पाणी यावे म्हणून हंडे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी दिले होते. महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढताना त्यांच्या बरोबरीने उभ्या असलेल्या अहिल्या रांगणेकर त्याच निवडणुकीत उत्तर-मध्य मुंबईतून निवडून आल्या. म्हणजे १९७७ मध्ये मुंबईच्या सहा खासदारांपैकी दोन स्त्रिया होत्या. २०२४ मध्ये सहांपैकी एक आहे. उत्तर मुंबईने तर मृणालताईंनंतर आजवर एकही स्त्री खासदार पाहिलेली नाही.

हा उतरता आलेख पाहिल्यावर, समाज पुढारतो तशा भिंती आपोआप ढासळतात, असे म्हणवत नाही. मृणालताई किंवा अहिल्याताई यांची उमेदवारी पक्षाची मेहेरनजर नव्हती. रेशन, रॉकेल आणि पाण्यासाठीच्या लढ्यांतून त्यांचा मतदार आधीच तयार झालेला होता व पक्षांना त्याची दखल घ्यावी लागली. त्या चळवळी ओसरल्या, निवडणुकीचा खर्च वाढला आणि उमेदवार ठरविण्याचे काम पक्षनेत्यांच्या बंद खोलीत गेले. तेथे बायकांची ये-जा कमीच.

जातीच्या भिंतीचेही असेच आहे. मुंबईतील ३६ विधानसभा जागांपैकी धारावी आणि कुर्ला या दोनच अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत; उरलेल्या चौतिसांत दलित उमेदवार देण्याचे धाडस मोठे पक्ष क्वचितच करतात. तरीही १९९८ मध्ये काँग्रेसबरोबरच्या समझोत्यात रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून, प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून निवडून आले, ते चारही खुल्या जागांवरून. २०२४ मध्ये त्याच उत्तर-मध्य मुंबईत वर्षा गायकवाड यांनी उज्ज्वल निकम यांचा पराभव केला. दलित आणि स्त्री अशा दोन्ही भिंती खुल्या जागेवरून एकाच वेळी ओलांडणाऱ्या या निकालाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

गायकवाड या माजी खासदार एकनाथ गायकवाड यांच्या कन्या, आणि त्यांनी रिकामी केलेली धारावी त्यांच्या भगिनी ज्योती यांच्याकडे गेली. २०२४ मध्ये मुंबईतून विधानसभेवर गेलेल्या चौघींपैकी अणुशक्तीनगरच्या सना मलिक याही वडिलांच्या जागेवरून आल्या. नात्याची ही वाट जुनीच आहे. १९६७ मध्ये स. गो. बर्वे यांच्या निधनानंतर ईशान्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी कृष्ण मेनन यांना हरविले होते. नात्याने आलेली स्त्री दुबळीच असते असे नाही. भाऊसाहेब बांदोडकरांच्या पश्चात १९७३ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्री झालेल्या शशिकला काकोडकर यांनी १९७७ ची निवडणूक स्वतःच्या नेतृत्वाखाली जिंकली. महाराष्ट्राला मात्र अद्याप स्त्री मुख्यमंत्री लाभलेली नाही. प्रश्न एवढाच, की ज्यांच्या घरात आमदारकी नाही त्यांनी कोठून यावे?

याचे उत्तर महापालिका असायला हवे होते. १९९२ च्या पालिका निवडणुकीपासून महिलांसाठी राखीव प्रभाग आले, २०१२ पासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. २२७ पैकी ११४ जागा स्त्रियांच्या झाल्या. विद्या ठाकूर उपमहापौरपदावरूनच पुढे आल्या. पण पालिकेत निम्म्या आणि विधानसभेत मूठभर, ही तफावत प्रभागाच्या सोडतीत दडलेली आहे. दर निवडणुकीला चिठ्ठी निघते, राखीव प्रभाग खुला होतो आणि पाच वर्षे गटारे, शौचालये, शाळा यांचा पाठपुरावा केलेल्या नगरसेविकेला बाजूला सरकावे लागते. तिचा प्रभाग ज्याला मिळतो तो तेथूनच आमदारकीकडे पाहू लागतो. तिच्याकडे पाहण्यासारखी जागाच उरत नाही. त्यातच २०२२ च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. तेवढ्या काळात ही शिडीच काढून घेतल्यासारखी झाली होती.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये संसदेने संमत केलेल्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना देऊ केल्या आणि त्यांची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधली. २८८ जागांच्या विधानसभेत त्या ९६ होतात. २०२४ मध्ये २१ स्त्रिया निवडून आल्या होत्या. पालिकेच्या सोडतीपेक्षा या कायद्यात एक गोष्ट बरी आहे. राखीव जागांची अदलाबदल दर निवडणुकीला होणार नाही, ती पुढच्या पुनर्रचनेनंतर व्हायची आहे. निवडून आलेल्या स्त्रीला पाय रोवायला त्यामुळे अवधी मिळू शकेल.

उत्तर मुंबईत विधानसभेच्या सहा जागा येतात: बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम. तिसऱ्या हिश्शाने पाहिले तर त्यांतील दोन स्त्रियांच्या वाट्याला याव्यात. दहिसर राखीव झाले तर पक्षांचे काम सोपे आहे, कारण तेथे आमदार स्त्रीच आहे. दुसरी चिठ्ठी चारकोपची निघाली तर उमेदवार शोधताना प्रत्येक पक्षाला आपली नगरसेविकांची जुनी यादी काढावी लागेल, आणि त्यातल्या किती जणींना आपण पुन्हा संधी नाकारली होती हेही त्याच यादीत दिसेल.