विश्लेषण : खऱ्या खुन्यावरचा भयपट पाहताना प्रेक्षक का दुभंगतात?

प्रत्यक्ष घडलेल्या हत्याकांडावर चित्रपट किंवा मालिका आली, की प्रेक्षकांमध्ये दोन तट पडतात. ‘अंगावर काटा आला, अभिनय जबरदस्त’ असे एका बाजूचे म्हणणे, तर ‘खुन्याला नायक केले’ ही दुसऱ्या बाजूची तक्रार. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण या वादात एक प्रश्न हमखास निसटतो. ज्यांचा जीव गेला, ते पडद्यावर कुठे आहेत?

प्रेक्षकांच्या नेमक्या तक्रारी काय?

पहिली तक्रार असते सत्याशी घेतलेल्या सुटीबद्दल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफिल्ड गावचा एड गीन हे त्याचे ठळक उदाहरण. नोव्हेंबर १९५७ मध्ये तो पकडला गेला. त्याने दोन महिलांच्या हत्यांची कबुली दिली होती आणि कबरी उकरून मृतदेह पळवल्याचेही उघड झाले. ‘सायको’ (१९६०), ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ (१९७४) आणि ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) या तिन्ही चित्रपटांतील खलपात्रांवर त्याची सावली आहे. यातला टेक्सासचा चित्रपट सत्यकथा म्हणून विकला गेला. प्रत्यक्षात गीन टेक्सासचा नव्हता आणि त्याने यांत्रिक करवतीने कोणाला मारलेही नव्हते. तरीही अनेकांच्या मनात त्याची प्रतिमा करवतीसह पक्की बसली आहे.

दुसरी तक्रार नेमकी उलटी असते. २००० साली थेट गीनच्या आयुष्यावर चित्रपट आला. असा चरित्रपट वस्तुस्थितीच्या जवळ राहू लागला, की भयपटाच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाला तो संथ वाटतो. दचकवणारे प्रसंग कमी आणि एकाकी, आजारी मनाचा माणूसच जास्त दिसतो. म्हणजे खोटे दाखवले तर फसवणूक आणि खरे दाखवले तर कंटाळा, अशी दिग्दर्शकाची कोंडी होते.

रामन राघवच्या चित्रपटांनी काय केले?

हीच कोंडी मुंबईच्या रामन राघवबाबतही दिसते. साठच्या दशकात उपनगरांतील पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी ठेचून हत्या होत होत्या. लोक रात्री जागून गस्त घालत. रमाकांत कुळकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास झाला आणि ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला पकडले. न्यायालयाने फाशी सुनावली, पण तो मनोरुग्ण असल्याचे निदान झाल्याने ती अखेर जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्यात त्याचा मृत्यू झाला.

श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये त्याच्यावर माहितीपटाच्या अंगाने जाणारा छोटेखानी चित्रपट केला. रघुवीर यादव यांचा त्यातला रामन आरडाओरड करत नाही. शेजारच्या माणसासारखा साधा दिसतो, म्हणूनच भीती वाटते. अनुराग कश्यप यांच्या २०१६ च्या ‘रामन राघव २.०’ने वेगळी वाट धरली. हा चित्रपट त्या रामनवर नाही, असे सुरुवातीलाच सांगून आजच्या मुंबईत एक काल्पनिक खुनी उभा केला. नवाजुद्दीन सिद्दिकी यांच्या अभिनयाचे कौतुक झाले. मात्र नाव खऱ्या खुन्याचे आणि गोष्ट कल्पनेतली, ही सोय चित्रपटाने करून घेतलीच. जाहिरातीला खरेपणाचा दरारा मिळाला आणि खरेपणाची जबाबदारी मात्र टळली.

नावांचा फरक काय सांगतो?

पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांच्या हत्या झाल्या. कला महाविद्यालयातील विद्यार्थी त्यात दोषी ठरले. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी झाली. हे प्रकरण आजही ‘जोशी-अभ्यंकर’ म्हणूनच ओळखले जाते. म्हणजे मारले गेलेल्यांच्या आडनावांनी. त्यावर बेतलेल्या १९८६ च्या मराठी चित्रपटाचे नाव मात्र ‘माफीचा साक्षीदार’. लोकांच्या आठवणीत बळींची नावे राहिली. चित्रपटाच्या पाटीवर गुन्ह्यातला साथीदार आला.

आठवणही सर्वांना सारखा न्याय देत नाही. अभ्यंकरांच्या घरात संस्कृत व्याकरणाचे अभ्यासक काशिनाथशास्त्री आणि त्यांच्या कुटुंबीयांसोबत घरकाम करणारी एक बाईही मारली गेली. प्रकरणाच्या नावात तिला जागा नाही. रामन राघवच्या बाबतीत तर सगळेच बळी गरीब आणि बहुतेक बेघर. म्हणून त्या प्रकरणाला खुन्याचेच नाव मिळाले. ज्यांना घरावर पाटी नव्हती, त्यांना इतिहासातही मिळाली नाही.

नातेवाइकांचे काय?

अमेरिकेत १९७८ ते १९९१ या काळात १७ जणांना मारणाऱ्या जेफ्री डामरवर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने मालिका आणली. ती प्रचंड पाहिली गेली. मृतांच्या काही नातेवाइकांनी मात्र जखमा पुन्हा उघड्या केल्याचे जाहीरपणे सांगितले. न्यायालयात त्यांनी फोडलेला टाहो अभिनेत्यांकडून हुबेहूब करून घेतला गेला होता. प्रेक्षकांनी दाद दिली ती त्या हुबेहूबपणाला.

भारतात कायद्याची चौकट १९९४ च्या एका निकालातून दिसते. चेन्नईतील खुनी ऑटो शंकरचे आत्मचरित्र एका तमिळ नियतकालिकात छापण्यावरून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारित लेखनाला संमती लागत नाही, त्यापलीकडे खासगी आयुष्यात शिरल्यास मात्र दाद मागता येते, असे न्यायालयाने म्हटले. याचा व्यवहारातला अर्थ असा, की खटल्याच्या नोंदींत जे आले, त्यावर चित्रपट करणाऱ्याला मृताच्या घरी विचारायला जाण्याचे बंधन नाही. कायदा विचारत नाही, म्हणून प्रेक्षकाने विचारायला हवे.

मग असे चित्रपट पाहायचेच नाहीत का?

तसे मुळीच नाही. गुन्हा कसा घडला, पोलीस कुठे कमी पडले, आजारी माणसाकडे वेळीच कोणी का पाहिले नाही, हे समजून घेण्यासाठी चित्रपट हे प्रभावी माध्यम आहे. बंदीची मागणी हा सोपा आणि निरुपयोगी मार्ग ठरेल. बदलायला हवी ती आपली मोजपट्टी. ‘किती घाबरवले’ आणि ‘किती खरे’ या दोन प्रश्नांना तिसरा जोडायला हवा. चित्रपट संपल्यावर मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव, काम किंवा एखादी सवय लक्षात राहते का? नसेल, तर पडद्यावरच्या खुन्याने त्यांना दुसऱ्यांदा पुसले आणि तिकीट काढून आपण ते पाहिले, एवढेच त्याचे मोल उरते.