दहा शिलिंगांतला निम्मा वाटा

मेरीलँडच्या विधिमंडळाने २१ एप्रिल १६४९ रोजी धर्माविषयी जो कायदा केला, त्यात अपशब्दांची एक यादीच आहे. पाखंडी, मूर्तिपूजक, प्युरिटन, जेझुइट, लूथरवाला, कॅल्विनवाला आणि शेवटाकडे राउंडहेड. शेजाऱ्याला यांतले काही हिणवून म्हटले, तर दंड दहा शिलिंग. पैसे नसतील, तर चारचौघांत फटके आणि दुखावलेल्याची जाहीर माफी मागेपर्यंत तुरुंग. दंडाच्या रकमेचे काय करायचे, हेही कायद्यातच आहे. निम्मी, ज्याचा अपमान झाला त्याला. उरलेली निम्मी वसाहतीच्या मालकाला.

मालकाला कुणी काय म्हटले होते?

हा कायदा अमेरिकेत धार्मिक सहिष्णुतेचे पहिले पाऊल म्हणून मिरवला जातो. मिरवणारे हा निम्मा वाटा सहसा सांगत नाहीत. ख्रिस्ताचे देवपण किंवा त्रैक्य नाकारणाऱ्याला याच कायद्यात मृत्युदंड आहे, हे मात्र हळहळत सांगतात. पण तिथेही पुढची ओळ वाचावी. मेलेल्याची जमीन आणि चीजवस्तू जप्त होऊन जाणार मालकाकडेच.

मालक म्हणजे सेसिल कॅल्व्हर्ट, दुसरा लॉर्ड बाल्टिमोर. धर्माने कॅथलिक. मुक्काम इंग्लंडात, मेरीलँड त्याने जन्मात पाहिले नाही. १६३२ ची सनद पहिल्या चार्ल्सने दिलेली, वसाहतीला नाव चार्ल्सच्या राणीचे. राजा गादीवर, तोवर मालकी पक्की. १६३३ मध्ये पहिली जहाजे निघाली तेव्हा त्याने आपल्या कॅथलिकांना बजावले होते, उपासना होईल तितकी खासगीत करा, धर्मावर बोलू नका. तेव्हा एवढ्या ताकिदीवर भागत होते.

१६४२ मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले आणि ताकिदीचे दिवस संपले. फेब्रुवारी १६४५ मध्ये रिचर्ड इंगल नावाचा तंबाखूचा व्यापारी कप्तान पार्लमेंटचा परवाना खिशात घालून चेसापीकच्या उपसागरात शिरला. जहाजाचे नाव 'रिफॉर्मेशन'. त्याने राजधानी सेंट मेरीज लुटली आणि दोन जेझुइट पाद्री बेड्या घालून इंग्लंडला नेले. गव्हर्नर, म्हणजे मालकाचा सख्खा भाऊ लिओनार्ड, व्हर्जिनियात पळाला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो शिपाई घेऊन परतला, पण त्यांचा पगार चुकवण्याआधीच जून १६४७ मध्ये वारला. त्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या मार्गारेट ब्रेंटने लॉर्डसाहेबांची गुरे विकून शिपायांची तोंडे बंद केली. साहेब लंडनहून गुरांवरून चिडले. बाईने ते केले नसते, तर चिडायला वसाहतही उरली नसती. त्यांना दिसली ती गुरे.

कायद्याचा मसुदा इंग्लंडहून निघाला तो या जमाखर्चानंतर, ऑगस्ट १६४८ मध्ये. राजा तेव्हा कैदेत होता. मालकाने विल्यम स्टोन या प्रोटेस्टंटाला गव्हर्नर नेमले. त्याने पाचशे माणसे आणून वसवण्याचा शब्द दिला होता. येशूला मानणाऱ्या कुणालाही, विशेषतः कॅथलिकांना, त्रास देणार नाही, अशी शपथ त्याच्याकडून घेतली गेली. 'विशेषतः' कुणाची काळजी होती, हे इतके उघड लिहिणारे मालक थोडेच. शेजारच्या व्हर्जिनियात राजनिष्ठ गव्हर्नर प्युरिटनांना छळत होता. त्यांना स्टोनने सेव्हर्न नदीच्या काठी जागा दिली. विधिमंडळात मतदान झाले, तेव्हा लंडनमध्ये चार्ल्सचे मुंडके उडून बारा आठवडेही झाले नव्हते. सनदेवर सही करणारा हातच गेला. आता ती टिकायची, तर मालक कॅथलिक आहे ही गोष्ट कमीत कमी वेळा बोलली जायला हवी होती.

यादीतला राउंडहेड तिथे का आला, हे यावरून समजावे. तो कुठल्या पंथाचा नव्हे, तो पार्लमेंटचा माणूस. त्याला हिणवणे म्हणजे देवाचा नव्हे, लंडनच्या नव्या धन्यांचा रोष ओढवणे. गावच्या गुत्त्यात एखादा बरळायचा आणि सनद मालकाची जायची. दहा शिलिंगांत त्याचा वाटा होता तो या जोखमीपोटी.

भीतीने केलेला कायदा म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. त्याच काळात मॅसॅच्युसेट्सचे प्युरिटन निखळ श्रद्धेने कायदे करत होते आणि जेझुइट दुसऱ्यांदा सापडला तर त्याला फाशी सांगत होते. श्रद्धेपेक्षा धास्ती बरी म्हणायची वेळ येते ती अशी.

फक्त धास्ती मालकाची होती, पाहुण्यांची नव्हती. १६५४ मध्ये सत्ता हाती येताच सेव्हर्नकाठच्या प्युरिटनांनी हा कायदा मोडीत काढला आणि कॅथलिकांना त्याचे संरक्षण नाकारले. मार्च १६५५ मध्ये स्टोन चालून गेला आणि हरला. शरण आलेल्यांपैकी चौघांना जिंकणाऱ्यांनी मारले. वसाहत मालकाला परत मिळाली ती अखेर लंडनचा नवा धनी क्रॉमवेल याच्या सरकारशी जुळवून घेतल्यावर. कायदाही परतला.

त्यानंतर थोड्याच काळात याकोब लुंब्रोझो या पोर्तुगीज ज्यू वैद्यावर त्याच कायद्याखाली ईशनिंदेचा खटला आला. त्याने येशूच्या चमत्कारांबद्दल विचारलेल्या प्रश्नाला आपल्या धर्माला धरून उत्तर दिले होते. शिक्षा मृत्यूची. तो वाचला, पण त्याला सहिष्णुतेने वाचवले नाही. लंडनमध्ये थोरला क्रॉमवेल वारला, मुलगा रिचर्ड गादीवर आला आणि त्यानिमित्त मेरीलँडमध्ये जाहीर झालेल्या सरसकट माफीत लुंब्रोझोही सुटला.