गायरान राखायचे तर गावाला धरून राखा : उमापूरचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड
मा. विभागीय वन अधिकारी, बीड

विषय : उमापूर (ता. गेवराई) परिसरातील वन्यजीव, गायरान आणि गावकऱ्यांचे हक्क

महोदय,

काळवीट आणि लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आमच्या भागात ते राहतात गायरानात, पडीक माळावर आणि आमच्याच तुरी-हरभऱ्यात. म्हणजे त्यांना जगवण्याचा खर्च कोरडवाहू शेतकरी आणि मेंढपाळ पदरचा करतात. ही जनावरे संपवा, असे आमच्या संघटनेतला एकही माणूस म्हणत नाही. खर्च शासनाने उचलावा आणि निर्णय गावाला विचारून व्हावा, एवढी आमची मागणी आहे.

आधी भरपाईचे बोलू. हरभरा दोन-चार पानांवर असताना काळविटांचा कळप रातोरात शेत खुडून जातो. तक्रार तीन दिवसांत करायची, ती आम्ही करतो. पण पंचनाम्याला माणसे येईपर्यंत वाफसा जाईल, म्हणून शेतकऱ्याने दुबार पेरणी उरकलेली असते. मग शेत हिरवे दिसते आणि कागदावर नुकसान शून्य. म्हणून ग्रामपंचायतीने साक्षांकित केलेला, ठिकाण-वेळ असलेला फोटो पुरावा धरावा आणि दुबार पेरणीचे बियाणे व मजुरी भरपाईत मोजावी. मेंढी लांडग्याने नेली तर पैसे लवकर मिळावेत. उशीर झाला की विषप्रयोगाचा विचार डोक्यात येतो, हे उघड बोललेले बरे.

दुसरी गोष्ट गायरानाची. माळ म्हणजे रिकामी जमीन नव्हे. कुसळी, मारवेल, हिवर, बोर, तरवड यांच्यावर हरिणही जगते आणि शेळी-मेंढीही. तिथे चर खणून गिरिपुष्प लावले की झाडांचा आकडा भरतो, चारा मात्र जातो. चराऊ माळावर सरसकट वृक्षलागवड थांबवावी. सौर प्रकल्पांनाही आमचा विरोध नाही. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला दिवसाची वीज हवीच आहे. पण गायरानाचा कोणता तुकडा द्यायचा, हे ग्रामसभेच्या ठरावाशिवाय ठरू नये. गावाच्या सामाईक जमिनी जपा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच बजावले आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 41 नुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. व्यापारासाठी गावातली वनस्पती गोळा करणाऱ्याकडून ती शुल्क घेऊ शकते. कलम 44 प्रमाणे स्थानिक निधी संवर्धनासाठी आणि गावाच्या हितासाठी वापरायचा आहे. समिती कागदावर न राहता तिला निधी, दप्तर आणि चराईच्या नियोजनाचा अधिकार द्यावा.

याच समितीने ठेवायची लोक जैवविविधता नोंदवहीही गावात बसून, नव्याने पडताळावी. माळ ज्यांना पायाखालचा माहीत आहे, ती ऊसतोडीची, कोयत्याची माणसे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत नोंदवही वाचली तर ऐकणार कोण? हे काम 1 मे ते 15 ऑगस्टदरम्यान करावे आणि त्यात मेंढपाळ, सुईणी, वैदू यांना मानधन देऊन बसवावे.

गावाला वगळून केलेल्या संरक्षणाचे काय होते, ते शेजारीच घडले आहे. 1979 मध्ये सोलापूर-नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र सुमारे 8,496 चौ. किमी. त्यात लोकांची शेते आणि गावठाणेही आली. जमिनीचे व्यवहार वर्षानुवर्षे अडले, लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच राग बसला. 2012 मध्ये क्षेत्र सुमारे 1,222 चौ. किमीवर आणावे लागले, आणि माळढोक तिथे आता क्वचितच दिसतो. आमच्या माळावर उद्या जैवविविधता वारसा स्थळ करायचे झाले, तर कलम 37 मध्ये सांगितलेली बाधितांच्या भरपाईची योजना आधी जाहीर करावी, अधिसूचना नंतर.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वन, महसूल आणि कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांनी उमापुरात समक्ष येऊन प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
उमापूर परिसरातील शेतकरी, मेंढपाळ व ऊसतोड कामगार संघटनेचे सभासद