बाटलीतला पीएच

स्पष्टच सांगतो, 'पीएच वाढवा' असं लिहिलेली बाटली रीफ टँकवाल्यांच्या गळ्यात मारणं ही मला शुद्ध लूट वाटते. आणि घेणारे आपण त्याहून शहाणे! (मी त्यातलाच. एका हिवाळ्यात तीन बाटल्या ओतल्या.)

न्यू जर्सीची थंडी. खिडक्या गच्च बंद, घरात आम्ही चौघं, वर गॅसची शेगडी. सकाळी टँकचा पीएच ७.७. औषध ओतलं, ८.२ झाला, मी खूश. दुसऱ्या दिवशी परत ७.७. परत ओतलं. पंधरा दिवसांनी अल्कलिनिटी मोजली तर ८ वरून थेट १३ डीकेएच, आणि अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरीफटक!

ऑफिसात कोणी असा पॅच मारला असता तर रिव्ह्यूत मीच त्याला सोलला असता. एरर का येते ते बघायचं नाही, आकडा तेवढा हार्डकोड करायचा.

बग पाण्यात नव्हताच, हवेत होता. बाहेर कार्बन डायऑक्साइड चारशे पीपीएमच्या थोडा वर, बंद घरात सहज हजार पार. तो पाण्यात विरघळतो, कार्बॉनिक अ‍ॅसिड होतं, पीएच उतरतो. पूड टाकून खोलीतली हवा बदलते का राव?

खात्री करायचीय? टँकचं कपभर पाणी घ्या, एअरपंपाने बाहेरच्या हवेचे बुडबुडे तासभर सोडा, पाणी टँकच्या तापमानाला आणून मोजा. पीएच चढला तर दोष बहुधा घरातल्या हवेचा. नाही चढला तर अल्कलिनिटी तपासा.

उपाय स्वस्त आहेत. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा. टँकचे दिवे बंद असताना सम्पमधल्या शेवाळावर दिवा लावा. नाहीतर शुद्ध चुन्याची निवळी थेंबथेंब सोडा. पण जपून, तिचा पीएच १२ च्या वर असतो.

जास्त पीएचला कोरल भराभर वाढतं, हे मान्य. पण रोजच्या हिसक्यांनी ते मरतं, त्याचं काय? ७.८ ते ८.४ मध्ये, रात्री उतरून दिवसा चढत असेल तर हात खिशात ठेवा. समोर जीव आहे, डॅशबोर्ड नाही.

असो. आमची नळी आता खिडकीबाहेर आहे. बायको म्हणते, घराला सोंड फुटली.