दोन टक्के कोण भरतं?

क्रेडिट कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात. साठलेल्या पॉइंटांचं कधी विमानाचं तिकीट होतं, कधी मिक्सर घरी येतो, कधी थेट पैसे परत मिळतात. हे सगळं बँक देते अशी आपली समजूत असते. बँक फक्त वाटते. पैसे देतो तो साताऱ्यातल्या राजपथावरचा नाहीतर सांगलीच्या मारुती रोडवरचा दुकानदार. आणि तो ते आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडून गोळा करतो, ज्यांनी जन्मात कार्ड हातात धरलेलं नाही त्यांच्याकडूनसुद्धा. मला हे अन्यायाचं वाटतं, म्हणून आजचा लेख त्यावर.

मागे नात्यातल्या एका लग्नाचा बस्ता बांधायला सांगलीला गेलो होतो. साड्या, मानपानाचे आहेर, टॉवेल-टोप्या असं करत गादीवर कापडाचा डोंगर झाला. घासाघीस होऊन बिल साठ हजारांवर तुटलं. नवऱ्या मुलाच्या पुण्यातल्या भावानं खिशातून कार्ड काढलं, तसं दुकानदार म्हणाले, "दादा, कार्डाला दोन टक्के वर लागतील. नाहीतर स्कॅनरवर टाका की." मुलगा हुशार. "असं वर घेता येत नाही, मशीनच्या करारातच लिहिलेलं असतं," म्हणाला. नियमानं तो बरोबरच होता. दुकानदार वादाला उभे राहिले नाहीत. गल्ल्याखालच्या खणातून बँकेचा महिन्याचा कागद काढून त्यांनी गादीवर ठेवला. प्रत्येक ओळीत चार आकडे : बिल किती, कपात किती, कपातीवर जीएसटी किती, खात्यावर जमा किती.

त्या कागदाच्या हिशेबानं आमचं साठ हजारांचं बिल असं झालं असतं : दोन टक्क्यांनी १,२०० रुपये कपात, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१६ रुपये, आणि दुकानदाराच्या खात्यावर ५८,५८४. यातले २१६ त्यांना कर भरताना वजा करून मिळतात. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या लहान दुकानदाराला तेही मिळत नाहीत. राहिले १,२००. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, थोडा मशीन बसवणाऱ्या बँकेला आणि थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या जाळ्याला. गिऱ्हाइकाचे पॉइंट येतात ते त्या मोठ्या वाट्यातून. बँकेच्या भाषेत या कपातीला एमडीआर म्हणतात.

तेच साठ हजार यूपीआयनं किंवा रुपे डेबिट कार्डानं दिले तर कपात शून्य. १ जानेवारी २०२० पासून तसा कायदाच आहे. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून मर्यादा घातली : वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला फार तर २०० रुपये, त्यापुढच्या व्यापाऱ्याला ०.९० टक्के आणि फार तर १,००० रुपये. डेबिट कार्डाला अशी वेसण आहे. क्रेडिट कार्डाला नाही. तिथं बँक सांगेल तो दर. मोठी साखळी दुकानं घासाघीस करून तो खाली आणतात, पण गल्लीतल्या दुकानदाराशी कोण घासाघीस करणार?

त्यातून तीन वाटा निघतात. एक, कार्ड घ्यायचंच नाही. दोन, वर दोन टक्के मागायचे आणि गिऱ्हाइकाशी वाद ओढवून घ्यायचा. तिसरी वाट बहुतेकांची, भावातच ते धरायचे. मग रोखीनं घेणारी शेतमजूर बाईही तोच भाव मोजते आणि कार्डवाल्याच्या पॉइंटांचा भार तिच्या पिशवीत जाऊन बसतो. कार्ड काही तिला मिळत नाही. त्याला पगाराची स्लिप लागते, सिबिल लागतं. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला म्हणून कौतुक झालं, पण एकेकाच्या पाकिटात तीन-तीन कार्डं असतात. माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर त्यातली किती असतील याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

ज्यांचा भाव सरकारनंच बांधलाय त्यांना तर ही तिसरी वाटही बंद आहे. कृषी सेवा केंद्रात युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा दर २६६ रुपये ५० पैसे. विक्रेत्याचं कमिशनही ठरलेलं. त्यानं क्रेडिट कार्ड घेतलं तर दोन टक्क्यांचे पाच रुपये तेहेतीस पैसे त्याच तुटपुंज्या कमिशनातून जाणार. त्याच्या टेबलावर मशीन असतं, पण ते शेतकऱ्याचा अंगठा घेण्यासाठी. पैसे रोख, नाहीतर फोनवर, नाहीतर वहीत.

पेट्रोल पंपांचंही असंच होतं. नोटाबंदीला दोन महिने झाले होते, सगळ्यांना कार्ड वापरा म्हणून सांगितलं जात होतं, आणि नेमकं तेव्हाच बँकांनी पंपांवर कार्डामागे एक टक्का लावायचं ठरवलं. लिटरमागे कमिशन ठरलेलं असताना हा टक्का आणायचा कुठून? पंपचालकांच्या संघटनांनी ९ जानेवारी २०१७ पासून कार्ड घेणार नाही असं जाहीर केलं. सरकार मध्ये पडलं, अंमलबजावणी पुढे ढकलली, आणि भार पंपावरही नको, ग्राहकावरही नको असं ठरलं. देशभरचे पंप एका आवाजात बोलले म्हणून हे झालं. वाई, विटा किंवा तासगावच्या किराणा दुकानदारांचा असा आवाज दिल्लीपर्यंत जात नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. आपल्या या भागात उधार देण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारच करत आलाय. ऊस कारखान्याला गेला की "बिल निघालं की देतो" एवढ्या शब्दावर किराणा, कापड, मुलांच्या वह्या, सगळं घरी येतं. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो किती कारखाने पाळतात हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको. हप्ता लांबला की दुकानदाराची वही फुगते. त्याला वर माल देणारा घाऊक व्यापारी थांबत नाही, पण तो गिऱ्हाइकाला थांबू देतो, कारण उद्या त्याच गावात तोंड दाखवायचं असतं. या उधारीवर व्याज नाही, उशिराचा दंड नाही. बुडाली तर त्याची बुडाली. आणि हाच माणूस शहरातल्या पगारदाराला बँकेनं दिलेल्या उधारीसाठी शेकडा दोन रुपये मोजतो. म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या पदरचं उधार द्यायचं आणि बँकेच्या गिऱ्हाइकाच्या उधारीचा खर्चही आपणच सोसायचा.

बँकेची बाजू नाहीच असं मी म्हणणार नाही. कार्डवाल्याला पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी पैसे वापरायला मिळतात, त्या पैशाला किंमत आहे. काहींचे पैसे बुडतात. फसवणुकीचा बंदोबस्त करावा लागतो. दुकानदाराला दुसऱ्या दिवशी खात्यावर पैसे मिळतात, उधारीची धास्ती राहत नाही, आणि महाबळेश्वरला जाता जाता कंदी पेढे घ्यायला थांबलेला प्रवासी कार्ड चालतंय म्हटल्यावर अर्ध्याऐवजी एक किलो घेतो, हेही खरं. या सेवेचं मोल द्यायला हवं. पण विमानतळावरचं फुकट जेवण आणि सिनेमाची सवलतीची तिकिटं हा उधारीचा खर्च नाही. ती बँकेची जाहिरात आहे आणि बँकेनं ती स्वतःच्या पैशानं करावी. हप्ता चुकवणाऱ्या कार्डवाल्यांकडून ती वर्षाला ३६ टक्के आणि त्याहूनही जास्त व्याज घेतेच.

बाजार समितीत अडतीवरून केवढं रान उठलं होतं ते आठवून पाहा. २०१६ च्या जुलैत सरकारनं फळं-भाज्यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. भांडण होऊ शकलं, कारण अडत पट्टीवर लिहिलेली असते. माल किती, हमाली किती, तोलाई किती, अडत किती, हे निरक्षर शेतकरीसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतो. कार्डाच्या पावतीवर यातलं काहीच नसतं. गिऱ्हाइकाला साठ हजार दिसतात, दुकानदाराला ५८,५८४, आणि मधले कुणाला गेले ते दोघांनाही दिसत नाही.

आता तर यात नवा गुंता आलाय. २०२२ च्या सप्टेंबरपासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक नेहमीसारखंच स्कॅन करतं, स्पीकरवर रक्कम ऐकू येते, दुकानदार निश्चिंत होतो. लहान व्यापाऱ्याला दोन हजारांपर्यंत कपात नाही. त्यावर ती लागते. स्कॅनर म्हणजे फुकट असं धरून बसलेल्या माणसाला ती महिन्याच्या कागदावरच सापडते, कागद बघितला तर.

युरोपात यावर २०१५ साली कायदा झाला. दुकानदाराच्या कपातीतला कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा क्रेडिटला ०.३ टक्के आणि डेबिटला ०.२ टक्के, याच्या वर जाता येत नाही. त्यानं तिथली क्रेडिट कार्डं बंद पडली नाहीत. आपल्याकडे डेबिटचा दर बांधायला रिझर्व्ह बँकेला जमलं, तर लहान दुकानदारापुरता क्रेडिटचाही बांधता येईल. शिवाय पावतीवर कपातीचा आकडा छापायला लावावा. साताऱ्या-सांगलीच्या व्यापारी संघटनांनी एकत्र येऊन ही मागणी लावून धरावी, आणि आपल्या खासदारांनी ती संसदेत मांडावी.

तोवर एवढं आपल्या हातात आहे. मॉलमध्ये, विमानाच्या तिकिटाला, ऑनलाइन खरेदीला कार्ड खुशाल वापरा. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, पेढेवाल्याकडे आणि बस्त्याच्या गादीवर खात्यात पैसे असतील तर ते थेट खात्यातूनच द्या.