जागेचे मोल आणि गुडघ्यांची किंमत

बेसबॉलमधील कॅचर हा क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचा भाऊबंद. मात्र त्याचे कष्ट कितीतरी अधिक. डावभर तो उकिडवा बसून ताशी दीडशे किलोमीटर वेगाचे चेंडू झेलतो, गोलंदाजाला मार्गदर्शन करतो आणि बेस चोरू पाहणाऱ्या धावपटूला रोखतो. एवढे करून जो फलंदाजीही उत्तम करील असा खेळाडू विरळाच. साहजिकच, एका संघात असे दोन-तीन तरुण एकदम तयार झाले, की सुखाचाच पेच उभा राहतो. जागा एक, उमेदवार अनेक.

कॅनडातील टोरोंटो ब्लू जेज संघापुढे २०२२ साली हाच पेच होता. अलेहांद्रो कर्क, डॅनी जॅन्सन आणि गॅब्रिएल मोरेनो असे तीन कॅचर हाताशी असताना संघाने डिसेंबरात मोरेनोला लूर्देस गुरिएल याच्यासह ॲरिझोनाला दिले आणि डॉल्टन वार्शो याला घेतले. वार्शो मुळात कॅचरच. पण टोरोंटोला तो हवा होता बाह्यक्षेत्रासाठी. मोरेनोने २०२३ मध्ये उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ पटकावला आणि त्याच वर्षी ॲरिझोनाने वर्ल्ड सिरीज गाठली. तथापि, एवढ्यावरून टोरोंटोला दोष देणे उचित नव्हे. विपुल ते देऊन दुर्मीळ ते घेणे, हा व्यवहाराचा जुनाच नियम आहे.

अदलाबदल करायची नसेल, तर दुसरा मार्ग जागा बदलण्याचा. येथे मात्र दुर्मीळतेचाच नियम उलटा फिरतो. पहिल्या बेसवर चांगले फलंदाज मुबलक मिळतात. त्यामुळे कॅचर म्हणून असामान्य ठरणारी फलंदाजी तेथे सामान्य भासते. म्हणूनच संघचालक अशा तरुणाला कॅचरच्या जागेवरून हलवण्यास नाखूष असतात.

परंतु या हिशेबात झिजेचा खर्च सहसा मांडलाच जात नाही. मिनेसोटाच्या जो मॉअरने कॅचर असताना २००६, २००८ आणि २००९ या तीन वर्षी फलंदाजीच्या सरासरीत लीगमध्ये अग्रस्थान मिळवले. २०१३ मध्ये डोक्याला मार बसला आणि वयाच्या तिसाव्या वर्षी त्याला ती जागा कायमची सोडावी लागली. पहिल्या बेसवर त्याची फलंदाजी पूर्वीसारखी बहरली नाही. उलट, ह्यूस्टनच्या क्रेग बिजिओला १९९२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, पाय शाबूत असतानाच दुसऱ्या बेसवर नेण्यात आले. तेथे त्याने चार गोल्ड ग्लव्ह मिळवले आणि २००७ मध्ये निवृत्त होताना त्याच्या नावावर ३,०६० हिट्स होत्या.

दोघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. पण एकाची जागा विचाराने बदलली, दुसऱ्याची दुखापतीने. कारखान्यातील यंत्राचीही झीज दरवर्षी हिशेबात धरली जाते. माणसाच्या गुडघ्यांची ती का धरू नये? तरुण कॅचरची योग्य जागा ठरवताना संघाची आजची निकड जरूर पाहावी. पण त्याच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार व्हावा आणि त्याचे स्वतःचे म्हणणेही ऐकले जावे. निर्णय वेळेवर घेतला नाही, तर तो दुखापत घेते, आणि तिच्याशी वाटाघाटी करता येत नाहीत.