विषाला दुकान, भुंग्याला वाली नाही

पावसाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यातील पडीक रानांत, शेतांच्या धुऱ्यांवर, गायरानांत आणि रस्त्यांच्या कडेला गाजरगवत माजते. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. एकेका झाडाला हजारोंनी बी धरते. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्याच्या संसर्गाने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. आणि हा त्रास सर्वांत आधी पोहोचतो तो उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या मजूर स्त्रियांना.

या तणावर उतारा उपलब्ध आहे. गाजरगवताची पाने खाणारा भुंगा १९८३ साली मेक्सिकोतून बंगलोरला आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून मोकळा सोडण्यात आला. पावसाळ्यात त्याच्या अळ्या व प्रौढ भुंगे झाडाची पाने फस्त करतात; कोरड्या दिवसांत तो जमिनीत सुप्त राहतो आणि पाऊस पडताच पुन्हा वर येतो. हा प्रयोग या देशाला नवा नाही. १९२६ साली सिलोनहून आणलेल्या किड्याने दक्षिण भारतातील फड्या निवडुंगाने गिळलेली हजारो एकर जमीन मोकळी केली होती.

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. हा भुंगा सूर्यफुलावर आढळल्याने मागे मोठी भीती निर्माण झाली होती. सरकारी पातळीवर चौकशी झाली आणि पिकाला त्यापासून धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याला मर्यादा मात्र आहेत. उन्हाळ्यात तो काम करीत नाही, आणि नांगरटीच्या जमिनीत त्याची सुप्तावस्था मोडते. कपाशीतील निंदणाला तो पर्याय नव्हे. त्याचे क्षेत्र पडीक जमीन, गायरान आणि रस्त्याची कड हेच आहे. म्हणूनच तो निंदणाऱ्या बाईची मजुरी हिरावून घेत नाही. ते काम तणनाशक करीत आहे.

मग हा भुंगा गावोगाव का पोहोचला नाही? कारण उघड आहे. एकदा स्थिरावला की तो स्वतःच वाढतो. दर हंगामाला विकत घ्यावा लागत नाही. ज्यात नफा नाही त्याला विक्रेता नाही, आणि विक्रेता नाही म्हणून जाहिरातही नाही. तणनाशकाची बाटली मात्र बाजाराच्या प्रत्येक गावी उधारीवर मिळते. ग्लायफोसेटचा वापर मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये काढली. पण कागदावरचा निर्बंध दुकानाच्या पायरीशी थबकतो, हा ग्रामीण भागाचा जुना अनुभव आहे.

यवतमाळला हे सांगण्याची गरज पडू नये. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे २० शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात पडले. ती औषधे किडीवरची होती, तणावरची नव्हती, असा भेद कोणी करील. परंतु हातमोजे व मुखवटा नसलेल्या मजुराच्या पाठीवर पंप चढविणारी व्यवस्था दोन्हीकडे एकच आहे.

सार्वजनिक पैशावर उभे राहिलेले हे विज्ञान जनतेपर्यंत नेणे ही शासनाची जबाबदारी होय. कृषी विद्यापीठाने व कृषी खात्याने तालुक्यागणिक भुंग्यांची पैदास करून ते मोफत वाटावेत. उरलेले गवत फुलावर येण्यापूर्वी उपटण्याचे काम रोजगार हमीतून, हातमोजे पुरवून आणि पूर्ण मजुरी देऊन व्हावे.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. तो छायाचित्रांपुरता राहू नये, यासाठी कार्यकर्त्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच या मागण्यांचा ठराव मांडावा. जेथे भुंगा आधीच रुजला आहे, तेथून तो गोळा करून शेजारच्या गावच्या गायरानात सोडावा. आणि ज्या कडेला तो काम करीत आहे तेथे तणनाशक फवारू देऊ नये. गायरान गावाचे आहे. त्याची राखण विषाच्या दुकानदाराकडे सोपविण्याचे कारण नाही.